पिशवीवरचीं अक्षरें

या महिन्यांत घरांतील जुन्या पोथ्यांची निगा कशी राखावी याविषयीं चार शब्द लिहावे असा आमचा संकल्प होता. परंतु गेले दोन महिने आमच्या घरांतील सर्वांचें लक्ष एका चतुष्पादाच्या पुढील डाव्या पायाकडे लागून राहिल्यामुळें पोथ्यांस कांहीं काळ थांबणें प्राप्त आहे. पोथ्या तक्रार करीत नाहींत, हा त्यांचा मोठाच गुण होय.

हकीकत अशी कीं, आमच्या नातवानें लॅब्राडॉर जातीचें अडीच महिन्यांचें एक पिलूं घरीं आणलें. मुलांनीं त्याचें नांव ब्रूनो ठेविलें. आमच्या सौभाग्यवतींच्या जिभेवर तें नांव बसेना म्हणून त्यांनीं बंड्या म्हणावयास आरंभ केला, आणि अखेर तेंच रूढ झालें. पाठोपाठ कुत्र्याच्या खाद्याची दहा किलोंची पिशवी आली. तिच्यावर भाजलेल्या कोंबडीचें चित्र होतें. ज्या घरांत चार पिढ्या मांसाशन नाहीं तेथें त्या सायंकाळीं कशी चर्चा झाली असेल याची कल्पना वाचकांनींच करावी. आमच्या वडील वहिनींनीं शेवटीं असा निर्णय दिला कीं, पिशवी पडवींतल्या झांकणाच्या पिंपांत राहील, तिचें माप निराळें असेल, आणि तें माप स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडणार नाहीं. तथापि त्यांनीं एक प्रश्नहि केला, आणि तो योग्य होता. ‘आपल्या वाड्यांतलीं कुत्रीं पोळी-ताकावर वाढलीं नाहींत का?’

वाढलीं खरीं. स्वीडनमधील उप्साला येथील संशोधकांनीं २०१३ सालीं असें दाखवून दिलें कीं, पिष्टमय अन्न पचविण्याचें सामर्थ्य देणाऱ्या एका जनुकाच्या प्रती लांडग्यांत दोनच असतात, तर कुत्र्यांत त्याहून कितीतरी अधिक आढळतात. मनुष्याच्या दाराशीं राहून हा प्राणी मनुष्याचें अन्न पचवूं लागला. मांसावांचून मांजराचें जितकें अडतें तितकें कुत्र्याचें अडत नाहीं. परंतु वाड्यांतलीं तीं कुत्रीं दुपारीं बाहेर जाऊन उकिरड्यावर आणखी काय काय खात असत याची नोंद आमच्या आजोबांनीं ठेविलेली नाहीं; तेव्हां त्यांच्या प्रकृतीचें सारें श्रेय ताकास देतां येत नाहीं. (जातां जातां एक सांगून ठेवितों: कांदा आणि बेदाणे कुत्र्याला बाधतात. प्रसादाच्या शिऱ्यांतला घास त्याला देण्यापूर्वीं बेदाणे वेंचून काढावे.)

असो. पिशवी सुरू झाली. बंड्या ती आवडीनें खाऊं लागला, आणि सर्वांनीं तेंच तिच्या चांगुलपणाचें प्रमाण मानलें. वस्तुतः तें प्रमाण नव्हे. चाणक्यनीतींत कुत्र्याचे जे सहा गुण सांगितले आहेत त्यांत, मिळेल तेव्हां पुष्कळ खाणें आणि न मिळाल्यास थोडक्यांत संतोष मानणें, हे दोन येतात; अशा जीवाकडून अन्नाची प्रशस्ति घेण्यांत अर्थ नाहीं. शिवाय कारखान्यांत त्या कोरड्या गोळ्यांवर मांसाच्या विरघळविलेल्या रसाचा व चरबीचा हात फिरवितात. कुत्र्याला पहिला वास येतो तो त्या लेपाचा.

त्यांत आमच्याकडून एक मोठा प्रमाद घडला. पिलूं झपाट्यानें वाढत होतें; त्याचीं हाडें बळकट व्हावीं, मुडदूस होऊं नये, म्हणून आम्हीं स्वतः औषधांच्या दुकानांतून कॅल्शियमची भुकटी आणून रोज सकाळीं एक चमचा त्याच्या खाण्यावर घालूं लागलों. कोणीं सांगितलें नव्हतें, कोणास विचारलेंहि नव्हतें. पांचव्या महिन्याच्या आरंभीं बंड्या लंगडूं लागला.

पशुवैद्यांनीं पाय चांचपून पाहिला, क्ष-किरणांचें चित्र काढविलें, आणि मग विचारलें, ‘गुरुजी, पिशवी आणली आहे का?’ अर्थात् आणली नव्हती. दुसऱ्या दिवशीं रिकामी होत आलेली ती पिशवी घडी घालून आम्ही घेऊन गेलों. त्यांनीं पुढील बाजू पाहिलीहि नाहीं. मागच्या बाजूस, अगदीं खालच्या कोंपऱ्यांत, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत एक वाक्य होतें, त्यावर त्यांनीं बोट ठेविलें. त्याचा भावार्थ असा कीं, हें खाद्य प्रौढ कुत्र्यांच्या निर्वाहासाठीं पूर्ण व समतोल आहे. वाढत्या पिलांसाठीं नव्हे! ‘प्रश्न नीट वाचा आणि मग उत्तर लिहा’ असें मुलांना सांगण्यांत ज्यानें सारी नोकरी घालविली, त्या मनुष्यानें दोन महिने ती पिशवी उघडली, बांधली आणि वाचली मात्र नाहीं.

भुकटीचें ऐकून वैद्य अधिकच गंभीर झाले. मोठ्या जातींचीं पिलें लहान वयांत जास्त झालेलें कॅल्शियम नाकारूं शकत नाहींत. पोटांत जाईल त्याचा बराच भाग तीं शोषून घेतात, आणि त्यामुळें हाडें बळकट होण्याऐवजीं हाडांची व सांध्यांची वाढच विस्कटते. अमेरिकेंत १९०९ सालीं स्थापन झालेली पशुखाद्य-नियंत्रक अधिकाऱ्यांची आफको नांवाची एक संस्था आहे. तिचे आंकडे आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या कित्येक पिशव्यांवरहि उल्लेखिलेले असतात. पाणी वगळून उरलेल्या शुष्क अन्नांत वाढत्या पिलासाठीं कॅल्शियम निदान १·२ टक्के असावें, आणि मोठ्या जातीच्या पिलासाठीं तें १·८ टक्क्यांपलीकडे जाऊं नये, असें ती सांगते. एवढी अरुंद ती वाट. आणि आम्ही चमच्यानें भर घालीत होतों.

तेव्हांपासून या पिशव्यांचें वाचन हा आमचा व्यासंग झाला आहे. नातू मित्रांच्या घरच्या रिकाम्या पिशव्या आणून देतो, आणि आम्ही भिंग घेऊन बसतों. पुढची बाजू म्हणजे काव्य. त्यांत अतिशयोक्ति हा मुख्य अलंकार. ‘प्रीमियम’ या शब्दाला तर आफकोच्या नियमांत कांहींच व्याख्या नाहीं. मागची बाजू म्हणजे गद्य, आणि परीक्षा करावयाची ती त्याचीच. पुढच्या बाजूवर वाचण्यासारखें असतें तें एक नांव, कारण नांवासंबंधीं त्या संस्थेनें केलेला नियम व्याकरणप्रेमी मनुष्यास फार मौजेचा वाटेल. खाद्याला नुसतें ‘चिकन’ म्हणावयाचें असेल तर प्रक्रियेचें पाणी सोडून ९५ टक्के कोंबडी हवी. ‘चिकन डिनर’ म्हटलें कीं २५ टक्के पुरे. ‘विथ चिकन’ म्हटलें कीं ३ टक्के. आणि ‘चिकन फ्लेवर’ म्हटल्यास चवीपुरती खूण पटली म्हणजे झालें. ‘सह’ या शब्दाच्या योगानें जें येतें तें अप्रधान, असें पाणिनीनें सांगूनच ठेविलें आहे. परंतु एका अव्ययानें पंच्याण्णवांचे तीन होतात हें त्या महर्षीसहि सुचलें नसतें.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानें लिहितात, हें बहुतेकांस ठाऊक असतें. परंतु तें वजन शिजविण्यापूर्वींचें असतें. ताज्या कोंबडींत सुमारें सत्तर टक्के पाणी. तें गेल्यावर यादींतला पहिला क्रमांक कितव्या स्थानावर उतरतो तें सांगतां येत नाहीं. उलट ‘चिकन मील’ हें नांव ऐकून नाक मुरडतात, पण तें आधींच कोरडें केलेलें असल्यामुळें वजनांत भारी ठरतें. दुसरी युक्ति म्हणजे मक्याचा भरडा, मक्याचा कोंडा आणि मक्याचें ग्लूटेन हीं निरनिराळीं मांडावयाचीं. तिघांची बेरीज केली कीं मका कोंबडीच्या वर जातो. हल्लीं ‘धान्यविरहित’ खाद्याचा मोठा बोलबाला आहे. त्यांत तांदूळ-गव्हाच्या जागीं वाटाणा, मसूर, बटाटा असतो. अशा खाद्यांचा व कुत्र्यांच्या एका हृद्रोगाचा कांहीं संबंध आहे काय याचा शोध अमेरिकन सरकारनें २०१८ सालीं सुरू केला. २०२२ अखेरपर्यंत संबंध सिद्ध झाला नाहीं, खोडूनहि निघाला नाहीं. ज्याला धान्य पचतें त्याचें धान्य कां काढावें, हें आम्हांस अद्यापि समजलेलें नाहीं.

प्रथिनांच्या आंकड्याकडे मात्र आपण सारेच प्रथम पाहतों, आणि फसतों तेंहि तेथेंच. एका ओल्या डब्यावर ८ टक्के लिहिलें होतें व कोरड्या पिशवीवर २४ टक्के. नातू म्हणाला, पिशवी तिप्पट चांगली. आम्हीं त्याला पाटी घेऊन त्रैराशिक मांडावयास बसविलें. डब्यांत पाणी ७८ टक्के, म्हणजे शुष्क भाग २२. त्या २२ मध्यें ८, म्हणजे शंभरांत ३६ हून कांहीं अधिक. पिशवींत पाणी १० टक्के. ९० मध्यें २४, म्हणजे शंभरांत २७ सुद्धां भरत नाहींत. डबाच वरचढ निघाला. (नातू महाविद्यालयांत शिकतो, त्रैराशिक हा शब्द त्यानें प्रथमच ऐकला.)

परंतु गणित बरोबर असून अन्न विषारी असूं शकतें. प्रथिनें मोजतात तीं प्रत्यक्ष नव्हे. कीलडाल नांवाच्या डेन्मार्कमधील रसायनज्ञानें १८८३ सालीं काढलेल्या रीतीनें अन्नांतला नत्र मोजावयाचा आणि त्याला ६·२५ नें गुणावयाचें, कारण प्रथिनांत सुमारें १६ टक्के नत्र असतो. म्हणूनच पिशवीवर ‘क्रूड’ प्रोटीन असें लिहितात. नत्र मांसांतून आला कीं पिसांतून आला, हें तो आंकडा सांगत नाहीं. आणि अन्न नसलेल्या वस्तूंतून आला तरीहि सांगत नाहीं. मेलामीन हा प्लास्टिकच्या कामाचा पदार्थ. त्याच्या वजनाचा दोनतृतीयांश भाग नत्रच असतो. चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लूटेनमध्यें कोणीतरी तें मिसळलें, आंकडा वाढला, भाव वाढला. २००७ सालच्या मार्चमध्यें कॅनडाच्या मेनू फूड्स या कंपनीला सहा कोटींहून अधिक डबे व पाकिटें बाजारांतून परत मागवावीं लागलीं. मेलामीन आणि त्याच्या जोडीचा सायन्यूरिक आम्ल हा पदार्थ मिळून मूत्रपिंडांत स्फटिक होतात. त्यायोगें कित्येक कुत्रीं-मांजरें दगावलीं. त्या कारखान्यांतून स्वस्त आणि महाग अशा दोन्ही प्रकारच्या अनेक नांवांचा माल निघत असे. म्हणजे ज्यांनीं दुप्पट दाम मोजलें त्यांच्याहि वाट्याला तोच प्रसंग आला. पुढील वर्षीं, २००८ मध्यें, चीनमध्यें हीच भेसळ लहान मुलांच्या दुधांत सांपडली. सुमारें तीन लाख मुलें आजारी पडलीं व सहा दगावलीं. कुत्र्याच्या ताटांत वर्षापूर्वीं घडलेली गोष्ट कोणीं अधिक मनावर घेतली असती तर काय झालें असतें, हा विचार आमच्या मनांतून जात नाहीं.

आपल्या देशांत २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें ‘अन्न’ या शब्दाच्या व्याख्येंतून पशुखाद्य वगळलें आहे. तेव्हां मनुष्याच्या बिस्किटांच्या पुड्यावर जो चौदा अंकी परवान्याचा क्रमांक असतो, त्या प्रकारचें संरक्षण या पिशवीच्या बाबतींत आहे असें धरून चालूं नये. मग गृहस्थानें पाहावें काय? आमच्या मतें प्रथम तें कोंपऱ्यांतलें वाक्य: कोणत्या वयासाठीं, आणि मोठ्या जातीच्या वाढीचा त्यांत उल्लेख आहे काय. त्यापुढें असें पाहावें कीं, ‘पूर्ण व समतोल’ ही पदवी कशानें मिळाली. आफकोच्या येथें दोन परीक्षा आहेत. एक कागदावरची, म्हणजे घटकांचे आंकडे कोष्टकाशीं जुळविणें. दुसरी प्रत्यक्ष खाऊं घालण्याची: प्रौढांसाठीं निदान आठ कुत्रीं, सव्वीस आठवडे, आणि त्यांतलीं सहा शेवटपर्यंत राहिलीं तरी चालतें. आठ विद्यार्थ्यांवरून शाळेची पारख करणारा तपासनीस आम्हीं पाहिला नाहीं. तरी मुळींच तपासणी नसण्यापेक्षां हें बरें. आणि शेवटचा परीक्षक घरांतलाच. केसांना तकाकी, तळहात हलकेच दाबून फिरविला असतां बरगड्या हातास लागणें, पण त्या डोळ्यांस न दिसणें, आणि शौच घट्ट व बेताचें असणें, एवढें महिनाभर पाहिलें तर पिशवीवर नसलेलें पुष्कळ कळतें.

जगांतल्या लहान पाळीव प्राण्यांच्या वैद्यांची जी संघटना आहे तिनें सुचविलें आहे कीं, खाद्य करणारांना सरळ प्रश्न विचारावे: पाककृति कोणी ठरविली, त्या व्यक्तीचें पोषणशास्त्राचें शिक्षण काय, माल स्वतःच्या कारखान्यांत होतो कीं दुसऱ्याच्या. आम्हीं हे तिन्ही प्रश्न आणि कॅल्शियमचा नेमका आंकडा, असें एक पत्र पहिल्या पिशवीच्या कंपनीस धाडलें. उत्तर आलें. त्यांत एका सुंदर कुत्र्याचें चित्र होतें, आमच्या प्रेमाबद्दल आभार होते, आणि पुढील खरेदीवर दहा टक्के सूट होती. दुसऱ्या एका कंपनीनें चारहि प्रश्नांचीं उत्तरें आंकड्यांसह पाठविलीं. पडवींतल्या पिंपांत आतां तिची पिशवी आहे. तिच्यावर कोंबडीचें चित्र नाहीं, याचें वहिनींना विशेष समाधान वाटतें.

भुकटी बंद होऊन सात आठवडे झाले. वैद्यांच्या आज्ञेनें उड्या आणि जिना दोन्ही वर्ज्य आहेत. सपाटीवर बंड्या आतां चांगला धांवतो. अंगणाची एक पायरी चढतांना मात्र अजून क्षणभर थांबतो आणि आधीं उजवा पाय टाकतो. पुढच्या महिन्यांत पुन्हां चित्र काढावयाचें आहे. पोथ्यांचें त्यानंतर.