परीक्षेची भाषा आणि ओळंब्याची भाषा

लखनौच्या बड्या इमामबाड्याच्या मुख्य दालनाला तुळई नाही आणि लोखंडाचा आधारही नाही. 1784 च्या दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून नवाब आसफ-उद्दौला यांनी हे बांधकाम हाती घेतले. लाखौरी विटा आणि चुना-सुरखीचा मसाला यांच्या बळावर सुमारे 50 मीटर लांबीचे ते कमानदार छत आजही उभे आहे. ते घडविणाऱ्या गवंड्यांनी कोणती परीक्षा दिली होती, असा प्रश्न पुष्कळदा कौतुकाने विचारला जातो. तो फसवा आहे. त्या काळी ज्या वास्तू ढासळल्या, त्या साक्ष द्यावयास उरलेल्या नाहीत. 2024 च्या सप्टेंबरात याच शहरातील ट्रान्सपोर्ट नगरात इमारत कोसळून 8 माणसे दगावली. बांधकाम-साहित्याची पारख आणि ती पारख करणाराची परीक्षा, दोन्ही आवश्यकच होत.

तथापि ही परीक्षा कशाची घ्यावयाची, हा विचार मागे पडतो. प्रमाणपत्रासाठी तयारी करणारा उमेदवार आकडे घोकतो: काँक्रीटचा ठोकळा 150 मिलिमीटरचा, त्याची ताकद 28 दिवसांनी पाहावयाची, सिमेंट 30 मिनिटांच्या आत घट्ट होऊ लागता कामा नये, साध्या विटेने 24 तासांत आपल्या वजनाच्या 20 टक्क्यांहून अधिक पाणी शोषू नये. हे सारे तो बहुधा इंग्रजीतून शिकतो. कामावर मात्र त्याची गाठ पडते ती गवंड्याशी. परीक्षेतील ‘क्युअरिंग’ लखनौच्या मिस्त्रीच्या तोंडी ‘तराई’ असते, मराठी गवंडी त्यास ‘पाणी मारणे’ म्हणतो. तिकडचा ‘साहुल’ तो इकडचा ‘ओळंबा’. दोन विटा एकमेकींवर आपटून खणखणीत नाद येतो की नाही हे पाहणारा गवंडीही चाचणीच करीत असतो. पाणी का मारावयाचे, हे त्याला त्याच्या शब्दांत सांगता आले नाही, तर निरीक्षकाचे ज्ञान नोंदवहीतच राहते. 28 दिवसांनी ठोकळा नापास झाला, तरी तोवर वर आणखी एक मजला चढलेला असण्याचा संभव असतो.

तोंडी विद्येला अभ्यासक्रमाचे रूप देण्याचा एक मोठा प्रयोग लखनौनेच पाहिला आहे. 1926 मध्ये विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रेरणेने तेथे संगीत महाविद्यालय निघाले. उस्तादांच्या कंठातील चिजा त्यांनी स्वरलिपीत उतरविल्या, आपले शास्त्र मराठीत मांडले. परंतु मींड, गमक हे गवयांचे शब्द टाकून दिले नाहीत. स्वरलिपीत सगळे गाणे मावत नाही हा आक्षेप खरा असला, तरी शास्त्र आणि कारागीर यांच्यात बोलणे राहिले.

बांधकामाच्या परीक्षांनी एवढे तरी करावे. मानके भारतीय भाषांत सुबोध रूपाने उपलब्ध असावीत, आणि लेखी परीक्षेच्या जोडीस प्रत्यक्ष कामावर, मजुरांच्या भाषेत, तोंडी परीक्षा असावी. एखादा घाणा नापसंत का, हे गवंड्याला पटवून देता येणे हीही निरीक्षकाची पात्रता मानली पाहिजे.