रस्ता सर्वांचा

वाचकहो, मोटारीची हौस म्हणजे पैसेवाल्यांचे चोचले, असे आपण म्हणतो. पण अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या पूर्व भागातील मेक्सिकन वंशाच्या कष्टकऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या तरुणांनी जुन्या शेव्हरोले मोटारी घेतल्या, जमिनीलगत खाली बसविल्या, नक्षीदार रंगविल्या. व्हिटियर बुलेव्हार्ड या रस्त्यावरून त्या मुद्दाम सावकाश फिरत. यांना 'लोरायडर' म्हणतात. वेगाचा तोरा नाही; आम्हीही इथले आहोत, आमच्याकडे पाहा, एवढेच सांगणे.

व्यवस्थेला तेही खुपले. १ जानेवारी १९५८ पासून कॅलिफोर्नियात कायदा झाला : चाकाच्या रिमखाली मोटारीचा कोणताही भाग नको. १९५९ साली रॉन अगिरे या तरुणाने विमानाचे हायड्रॉलिक सुटे भाग मोटारीला जोडले. कळ दाबली की गाडी वर, पुन्हा दाबली की खाली! पोलीस पाहतच राहिले. मग अनेक शहरांनी रस्त्यावर अशा फेऱ्या मारण्यालाच बंदी घातली.

हुन्नराने दंड चुकला, बंदी मात्र हटली नाही. ती हटविण्यासाठी मोटार क्लबांना एकत्र येऊन कायदेमंडळाचे दार ठोठवावे लागले. २०२३ साली नवा कायदा झाला; १ जानेवारी २०२४ पासून दोन्ही निर्बंध गेले.

सार्वजनिक पाणवठ्यावरील हक्कासाठी १९२७ साली बाबासाहेबांमागून महाडला चवदार तळ्यावर गेलेल्यांची आम्ही लेकरे. आम्हांला हे वेगळे सांगायला नको. हातात कसब हवेच. पण हक्क संघटनेनेच मिळतो.

जय भीम!