फळ्यासमोर कोण उभे आहे?

मशीन लर्निंग मी शिकलो ते नोकरी लागल्यानंतर, ठाण्यातल्या एका रविवारच्या वर्गात. घरांच्या किमतींचा अंदाज बांधणे हा तिथला पहिला धडा. त्यासाठी तेव्हा जगभर एकच डेटा वापरत: 'बोस्टन हाउसिंग'. हॅरिसन आणि रूबिनफेल्ड यांच्या १९७८ सालच्या अभ्यासातला, ५०६ ओळी आणि १४ रकान्यांचा. त्यातल्या एका रकान्याचे नाव नुसतेच 'बी'. वस्तीत कृष्णवर्णीयांचे प्रमाण किती, यावरून काढलेला तो आकडा होता. सरांनी तो इतर रकान्यांसारखाच मॉडेलमध्ये घातला. आम्ही तीसेक जणांनीही घातला.

मी मुंब्र्याचा. १९९२-९३च्या दंगलीनंतर मुंबई सोडून इथे आलेल्या असंख्य कुटुंबांपैकी आमचे एक. फॉर्मवर ४००६१२ हा पिनकोड लिहिला की क्रेडिट कार्डाचा अर्ज परत येऊ शकतो, हे आमच्या इमारतीत शाळकरी पोरांनाही ठाऊक असते. पगार चांगला असताना माझाही आला होता. तरी त्या वर्गात माझा हात वर गेला नाही. सरांना जे खटकले नाही ते आपण कसे विचारायचे? त्यातून वर्गात मुसलमान मी एकटाच. 'याला सगळीकडे तेच दिसते' हे ऐकून घ्यायची माझी तयारी नव्हती.

पुढे इतरांनी तो प्रश्न विचारला. साय-किट लर्न या लायब्ररीने २०२२च्या अखेरीस, १.२ या आवृत्तीत, तो डेटा काढून टाकला.

आता मी मुंब्र्यात रविवारी दुपारी दहावी-बारावीच्या मुलांना शिकवतो. एकदा त्यांना कर्जाच्या अर्जांची एक बनावट यादी दिली. नाव, धर्म, जात हे रकाने आधीच काढून टाकलेले. विचारले, आता हे मॉडेल भेदभाव करेल का? एक मुलगी लगेच म्हणाली, "सर, पिनकोड तर तसाच आहे." हीच गोष्ट ऑफिसात समजावताना मला अर्धा तास लागला होता.

'आधी गुणवत्ता बघा' असे सांगणारे भेटतात. जरूर बघू. पण 'बी' हा रकाना न खटकणे, ही गुणवत्तेतलीच उणीव होती.

उच्च शिक्षणाच्या २०२०-२१च्या अखिल भारतीय सर्वेक्षणात मुस्लिम शिक्षकांचे प्रमाण ५.६ टक्के आहे. २०११च्या जनगणनेत आपण १४.२ टक्के होतो. हे सगळ्या विषयांचे मिळून झाले. सीबीएसईने एआय हा विषय २०१९-२० मध्ये नववीला आणला. २०२६-२७ पासून तो तिसरीपासून शिकवायचे केंद्राने जाहीर केले आहे. म्हणजे हा विषय शिकवणारी माणसे आत्ताच तयार होत आहेत. आपण मात्र अजून 'आपली पोरे आयटीत गेली पाहिजेत' यावरच अडलो आहोत. शिष्यवृत्ती, कोचिंग, पॅकेज. शिकवायला कोणी जावे, असे आपल्या एकाही सभेत मी ऐकलेले नाही.

भिवंडीच्या उर्दू शाळांत वर्षानुवर्षे गणित शिकवणाऱ्या शिक्षिका आहेत. सरासरी, संभाव्यता, आलेख हे त्यांना पाठ आहे. त्यांना हवा आहे लॅपटॉप, सुट्टीतले प्रशिक्षण, तेही घराजवळ, आणि त्याचे मानधन. फुकट समाजसेवा नेहमी बायकांकडूनच का मागायची? कल्याण-डोंबिवलीच्या आगरी गावांतून, दलित वस्त्यांतून इंजिनीअर झालेले मित्रही या फळ्यासमोर हवेत. पत्ता सांगितल्यावर समोरच्याचा चेहरा कसा बदलतो, हे त्यांनाही कोणी शिकवावे लागत नाही.

आणि स्वतःच्या वर्गाबद्दलही सांगायला हवे. आम्ही शिकवणारे तिघे, तिघेही पुरुष, तिघेही खाजगी नोकरीतले. वर्गात निम्म्याहून जास्त मुली आहेत. ज्या मुलीने पिनकोड पकडला, ती यंदा बारावीला आहे. परीक्षा झाली की लहान मुलांचा वर्ग तू घेशील का, असे तिला विचारले आहे. घरी विचारून सांगते म्हणाली.

मेच्या सुट्टीत दहा दिवसांचा शिक्षक-वर्ग घ्यायचा विचार आहे. जागा मिळाली आहे. लॅपटॉप आठ आहेत, बारा हवेत.