बंदुकीला परवाना आहे, काडतुसाचे काय?

निवृत्तीनंतर मुलीकडे बंगळूरला राहावयास आलो, त्याला आता काही वर्षे झाली. सर्जापूर रोडवरील आमच्या वसाहतीत मराठी कुटुंबे बरीच आहेत. संध्याकाळी कैकोंद्रहळ्ळी तलावाच्या काठाने फेरी मारताना कोणी ना कोणी भेटतो आणि "काका, तुम्ही महसूल खात्यात होतात ना?" अशी सुरुवात करून एखादा प्रश्न पुढे ठेवतो. बहुतेक प्रश्न सातबारा, वारसनोंद किंवा गावाकडील घराच्या हद्दीचे असतात. मागे मात्र एका शेजाऱ्यांनी वेगळाच प्रश्न विचारला आणि माझी एक जुनी टिपणी मला आठवली.

हे गृहस्थ मूळचे गडहिंग्लज भागातले, येथे एका संगणक कंपनीत अभियंता आहेत. वडिलांची सोळा बोरची दुनळी बंदूक त्यांच्याकडे वारसाने आली. परवाना रीतसर त्यांच्या नावावर झाला. परंतु सोळा बोरचे काडतूस त्यांना मिळेना. कोल्हापूर, बेळगाव, बंगळूर या तिन्ही ठिकाणी दुकानदारांनी बाराबोरचे खोके पुढे केले आणि सोळाचे नाव काढताच मान हलविली. त्यांनी इंटरनेटवर पाहिले होते की अमेरिकेत लोक घरच्या टेबलावर एक छोटे यंत्र बसवून स्वतःची काडतुसे भरतात. "काका, तसे यंत्र मागविले तर चालेल का? बंदुकीचा परवाना तर आहेच माझ्याकडे."

मी त्यांना तत्काळ "नाही" म्हणालो. उत्तर बरोबर होते, पण ते अपुरे होते. ते का अपुरे होते, हे सांगण्यासाठी हा लेख.

प्रथम बोर म्हणजे काय ते पाहू. एक पौंड शिशाच्या सारख्या वजनाच्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातील एक गोळी ज्या नळीत बरोबर बसेल ती बाराबोरची नळी. तिचा व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर. सोळा गोळ्या केल्या तर प्रत्येक गोळी एक औंसाची होते आणि नळीचा व्यास सुमारे १६.८ मिलिमीटर. म्हणजे आकडा जितका मोठा तितकी नळी लहान. सोळा बोरची बंदूक वजनाला हलकी, खांद्याला सुखकर, म्हणून एके काळी शिकाऱ्यांची आवडती होती. पुढे नेमबाजीच्या स्पर्धांतून तिला स्थान उरले नाही. अमेरिकेतील 'स्कीट' स्पर्धांचे गट १२, २०, २८ आणि ४१० असे ठरले आणि सोळा मधल्या मध्ये राहून गेली. मागणी घटली तसे कारखान्यांनी लक्ष काढून घेतले. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारच संपली. जुन्या बंदुका मात्र घरोघरी राहिल्या.

काडतुसाचे भाग पाच: पुंगळी, तिच्या बुडाची टोपी, दारू, दारूवरील डाट आणि छर्रे. वापरलेल्या पुंगळीची जुनी टोपी काढून नवी बसवावयाची, मोजून दारू घालावयाची, डाट दाबावयाचा, छर्रे भरून तोंड मिटावयाचे. ऐकताना हे काम सोपे वाटते. परंतु धूरविरहित दारूचे प्रकार अनेक असून दोन प्रकारांच्या सारख्याच मापात जोर सारखा नसतो. एकाच पुंगळीत चुकून दोनदा दारू पडली तर नळी फाटू शकते. जुन्या सोळा बोर बंदुकांत आणखी एक अडचण असते. त्यांपैकी अनेकींची काडतूस बसण्याची जागा ६५ मिलिमीटर लांबीच्या काडतुसासाठी असते, तर आजचे सर्वसाधारण काडतूस ७० मिलिमीटरचे. लांब काडतूस आत बसते खरे, पण उडताना त्याचे तोंड पुरते उघडण्यास जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. शिवाय फार जुन्या नळ्या काळ्या दारूच्या काळातील. त्यांत धूरविरहित दारू वापरणे म्हणजे बैलगाडीला मोटारीचे इंजिन जोडण्यासारखे आहे.

आता कायदा. शस्त्र अधिनियम, १९५९ मधील 'दारूगोळा' या शब्दाची व्याख्या बरीच व्यापक आहे. काडतुसाचे सुटे भाग आणि दारूगोळा तयार करण्याची यंत्रसामग्री हीदेखील त्या व्याख्येनुसार 'दारूगोळा'च होय. कलम ५ प्रमाणे दारूगोळा तयार करण्यास स्वतंत्र परवाना लागतो. बंदूक बाळगण्याचा परवाना त्यासाठी पुरत नाही. दारूसाठी १८८४ च्या स्फोटक कायद्याचे बंधन वेगळे. कलम ५ च्या भंगाला पूर्वी किमान तीन वर्षांची शिक्षा होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेप अशी झाली. म्हणजे गावठी कट्टे बनवून विकणारा आणि वडिलांच्या बंदुकीसाठी चार काडतुसे भरणारा अभियंता हे दोघेही एकाच कलमाखाली उभे राहू शकतात. शेजाऱ्यांना हे सांगितले तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत.

ते गप्प झाले आणि मला नव्वदच्या दशकातील एक शेतकरी आठवला. तेव्हा मी कोकणातील एका जिल्ह्यात निवासी उपजिल्हाधिकारी होतो. शेतीसंरक्षणाचा परवाना असलेल्या एका वृद्ध शेतकऱ्याच्या घरी पोलिसांना पितळी पुंगळ्या, दारूचा डबा आणि काडतुसे भरण्याचे एक लाकडी हत्यार सापडले. त्याची बंदूक एकनळी, सोळा बोरची, वडिलांपासून आलेली. परवाना रद्द करण्याची टिपणी माझ्या टेबलावर आली. सुनावणीत मी त्याला विचारले, "तुम्ही हे का केलेत?" तो म्हणाला, "सायबा, बंदुकेचो परवानो सरकारान दिल्यान, पण काडतूस खंय गावतला ता कोणी सांगूक नाय." टिपणीत मी लिहिले की परवानाधारकाने शर्तींचा भंग केल्याचे मान्य केले आहे. परवाना रद्द झाला आणि बंदूक जमा झाली. रानडुकरांनी त्या वर्षी त्याचे भात ठेवले की नाही, हे विचारण्याची गरज मला वाटली नाही. त्याचे वाक्य मी टिपणीत घेतले नाही. कायद्याच्या दृष्टीने ते अप्रस्तुत होते. प्रशासनाच्या दृष्टीने ती टिपणीतली मुख्य बाब असावयास हवी होती.

परवाना देताना आपण काय तपासतो? अर्जदाराचे चारित्र्य, त्याची गरज, पोलीस अहवाल, बंदूक ठेवण्याची सोय. परवान्यावर बंदुकीचा क्रमांक आणि बोर लिहितो, वर्षाला किती काडतुसे घेता येतील तेही लिहितो. परंतु त्या बोरचे काडतूस त्या जिल्ह्यात मिळते काय, हा रकाना कोणत्याही नमुन्यात मी पाहिला नाही. ज्या काडतुसांची मर्यादा आपण शाईने लिहून देतो, ती काडतुसे बाजारात आहेत की नाहीत, याची जबाबदारी कोणाचीच नाही.

एक विसंगतीही येथे ध्यानात घ्यावी. याच अधिनियमाचे कलम १३ शेतीसंरक्षणासाठी प्रथम ठासणीच्या बंदुकीचा विचार करते. ठासणीची बंदूक पुरेशी नाही अशी परवाना प्राधिकाऱ्याची खात्री झाली, तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते. ठासणीच्या बंदुकीत शेतकरी प्रत्येक बारासाठी दारू स्वतःच्या हाताने मोजतो आणि ठासतो. म्हणजे हाताने दारू भरणे हीच गोष्ट कायद्याला मुळात त्याज्य वाटते असे नाही. कायद्याला भीती आहे ती साठविता, लपविता आणि विकता येण्याजोग्या तयार काडतुसाची. ही भीती मला रास्त वाटते. घरोघरी भरलेल्या काडतुसांचा माग लागत नाही आणि दंगलीच्या वेळी त्याचा अर्थ काय होतो, हे जिल्ह्यात काम केलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही.

परदेशांचे दाखले येथे जपून घ्यावेत. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी काडतूस भरण्यास संघीय परवाना लागत नाही. पण तेथील शस्त्रविषयक परिस्थिती आपण अनुकरणीय मानावी असे मला वाटत नाही. ब्रिटनने मधला मार्ग धरला. तेथे काडतूस घरी भरता येते, परंतु २००६ च्या कायद्यानंतर धातूच्या काडतुसांची टोपी विकत घेताना शस्त्र-प्रमाणपत्र किंवा तत्सम अधिकार दाखवावा लागतो. सर्व भागांपैकी घरी बनविण्यास सर्वांत अवघड असलेल्या एका भागावर त्यांनी लक्ष ठेवले. नियंत्रण कोठे ठेवावे याचा असा विचार आपल्याकडेही व्हावयास हरकत नाही.

येथून काही तासांच्या अंतरावरील कोडगूचे उदाहरण तर आपल्या देशातलेच आहे. कोडव समाज आणि तेथील जम्मा जमीनधारक यांना शस्त्र परवान्यातून सूट आहे. ती २०२९ पर्यंत वाढविण्यात आली असून कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ती वैध ठरविली. कैलपोळ्द या सणाला तेथे बंदुकीची पूजा होते. एखाद्या समाजाचे बंदुकीशी असलेले नाते राज्यसंस्था समजून घेऊ शकते, हे यावरून दिसते. मग एखाद्या परवानाधारकाची साधी अडचण समजून घेणे अशक्य का असावे?

माझ्या मते सर्जापूर रोडवरील सदनिकेत काडतूस भरण्यास परवानगी देऊ नये. वर, खाली आणि शेजारी शेकडो कुटुंबे राहतात. स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे दारूचा डबा असू नये. परंतु "नाही" म्हणणाऱ्या शासनाने "मग काय करावे" हेही सांगितले पाहिजे. माझ्या सूचना पुढीलप्रमाणे.

१) शस्त्र परवान्यांची राष्ट्रीय नोंद आता संगणकावर आहे आणि प्रत्येक परवान्याला विशिष्ट क्रमांक आहे. त्या नोंदीवरून बोरनिहाय व जिल्हानिहाय संख्या काढावी. सोळा बोरच्या बंदुका किती आहेत हे कळले, तर किती काडतुसे लागतील हेही कळेल.

२) ही मागणी एकत्र करून कारखान्याला द्यावी. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून आहे आणि 'शक्तिमान' हे बाराबोरचे काडतूस परवानाधारकांच्या परिचयाचे आहे. २०२१ पासून हा कारखाना पुण्यातीलच म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या शासकीय कंपनीचा भाग आहे. एकेका दुकानदाराची पाच खोक्यांची मागणी कोणताही कारखाना मनावर घेणार नाही. सर्व राज्यांची एकत्रित मागणी असेल, तर दोन-तीन वर्षांतून एकदा एक खेप काढता येईल.

३) तेही परवडत नसेल, तर प्रत्येक विभागात एखाद्या परवानाधारक विक्रेत्याला किंवा रायफल क्लबला कलम ५ खाली काडतूस भरण्याचा परवाना द्यावा. प्रशिक्षित माणूस, वजनाचा अचूक काटा, प्रत्येक खेपेची नोंदवही आणि नमुना-चाचणी या अटी असाव्यात. काडतूस हाताने भरले जाईल, पण माग राहील.

४) ज्यांना बंदूक उडवावयाची नाही, केवळ वडिलांची आठवण म्हणून ठेवावयाची आहे, त्यांना ती कायमची निकामी करून घरी ठेवण्याचा सोपा व स्वस्त मार्ग तालुका पातळीवर असावा. आज बहुतेकांना ठाऊक असलेला मार्ग एकच, तो म्हणजे पोलीस ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे जमा करणे. तेथे गंज चढतो आणि मग मालकही विसरतो.

गावाबाहेर राहणाऱ्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी अशी एखादी बंदूक माळ्यावर किंवा काकांच्या ताब्यात असेल. त्यांना काही गोष्टी सुचवितो. परवान्याची मुदत आज पाच वर्षांची आहे. ती संपली आहे का ते पाहा. २०१६ च्या नियमांनुसार परवानाधारकाचे वय ७० झाले किंवा त्याने बंदूक २५ वर्षे बाळगली, तर त्याच्या हयातीतच वारसाच्या नावे हस्तांतराचा अर्ज करता येतो. तो वेळीच करा, निधनानंतरची धावपळ वाचते. माळ्यावरची जुनी काडतुसे उडवून पाहू नका. वेगवेगळ्या बोरची काडतुसे एका डब्यात ठेवू नका. वीस बोरचे काडतूस बाराबोरच्या नळीत पुढे घसरून अडकते, मागून दुसरे घातले जाते आणि नळी फुटते. असे अपघात झालेले आहेत.

शेजाऱ्यांनी यंत्र मागविले नाही. आम्ही दोघांनी बसून परवाना प्राधिकाऱ्याच्या नावे एक अर्ज लिहिला: माझ्या परवान्यावर सोळा बोरची नोंद आहे, वार्षिक काडतुसांची मर्यादाही आहे, ती काडतुसे अधिकृतपणे कोठे मिळतील ते कळवावे. उत्तर अद्याप आलेले नाही. ते येईल तेव्हा त्याच्या नस्तीवर कोणीतरी टिपणी लिहील. त्या अधिकाऱ्याने अर्जदाराचा प्रश्न टिपणीत जसाच्या तसा उतरवून घ्यावा, एवढीच माझी विनंती आहे. मी ते केले नव्हते.