चिकित्सालयातील टॅबलेट : निवड यंत्राची की नोंदीची?

'टॅबलेट' म्हटले की आपणां वैद्यांना प्रथम वटी-गुटीच आठवावी, हे स्वाभाविक आहे. परंतु हल्ली व्यवसायबंधू ज्या टॅबलेटविषयी विचारणा करतात, तो हातात धरावयाचा संगणक होय. रुग्णास त्याच्याच दाताचे क्ष-किरण चित्र दाखविण्यासाठी दंतवैद्यांनी तो आपल्याआधी वापरात आणला. आता आपल्याकडेही तो केसपेपरची जागा घेऊ पाहत आहे. 'कोणता घ्यावा?' या प्रश्नास बहुधा किंमत आणि पडद्याचा आकार एवढ्यापुरतेच उत्तर मिळते. माझ्या मते ते अपुरे आहे. यंत्र चार-पाच वर्षांचे सोबती. रुग्णाची नोंद मात्र त्याच्या आयुष्यभराची. म्हणून निवड नोंदीच्या हिताने व्हावी.

हे मी अनुभवाने लिहीत आहे. २००३ साली हौसेने संगणकावर नोंदी सुरू केल्या. लिपी त्या काळच्या खासगी फाँटमधील. पुढे प्रणाली देणाऱ्याने व्यवसाय बंद केला, संगणक बदलला आणि पडद्यावर देवनागरीऐवजी निरर्थक चिन्हे उमटली. अकरा वर्षांच्या नोंदींपैकी ज्यांचे कागद उरले होते, तेवढ्याच वाचल्या.

यास्तव पहिली कसोटी अशी : नोंद युनिकोड देवनागरीत होते काय, आणि सर्व नोंदी आपल्या इच्छेनुसार बाहेर काढून अन्यत्र वाचता येतात काय? याचे उत्तर विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. दुसरी कसोटी, सुरक्षा-सुधारणा कोणत्या वर्षापर्यंत मिळणार? स्वस्त यंत्रे येथेच महाग पडतात.

तिसरी कसोटी खास आपली आहे. अष्टविध परीक्षेतील जिव्हेचे छायाचित्र ठेवणे उपयुक्त खरे. पण पुष्कळ कॅमेरे रंग आपोआप 'सुधारतात'. साम जिव्हेवरील लेप त्यात फिका दिसला, तर नोंद दिशाभूल करील. खरेदीपूर्वी आपल्याच कक्षातील प्रकाशात छायाचित्र घेऊन प्रत्यक्ष जिव्हेशी ताडून पाहावे. पंचकर्म कक्षात तेल, चूर्ण आणि बाष्प यांचा संचार असतो. तेथे धूळ व पाणी रोखणारे, पुसता येणारे आवरण हवेच.

औषधविक्रेत्या बंधूंशी संबंधित मुद्दा याहून गंभीर आहे. लहान पडद्यावरील यादीत 'योगराज गुग्गुळ' आणि 'महायोगराज गुग्गुळ' ही नावे शेजारी येतात. दुसऱ्यात भस्मे आहेत, हे आपण जाणतो. बोटाला ते कळत नाही. म्हणून दहा इंचांच्या आसपासचा पडदा घ्यावा, आणि औषधपत्र पाठविण्यापूर्वी ते पुन्हा दाखविणारी प्रणाली निवडावी. विक्रेत्यानेही शंका आल्यास दूरध्वनी करण्यात संकोच बाळगू नये.

रुग्णाची माहिती ही त्याची ठेव आहे. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. परंतु कायदा नसता तरी आपले कर्तव्य तेच राहिले असते. दिवसा चिकित्सालयात आणि रात्री मुलांच्या खेळात, असा एकच टॅबलेट कदापि वापरू नये.

काही ज्येष्ठ म्हणतात, यंत्रामुळे वैद्याची दृष्टी रुग्णावरून ढळते. हा आक्षेप मला मान्य आहे. दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न यांपैकी एकही पडदा करू शकत नाही. नाडीवर बोटे असताना टॅबलेट पालथा ठेवावा. परीक्षण संपल्यावरच नोंद करावी. ज्यांना हे साधणार नाही, त्यांनी वही सोडण्याची घाई करू नये. उत्तम ठेवलेली वही ही निष्काळजीपणे वापरलेल्या यंत्रापेक्षा केव्हाही श्रेष्ठ होय.

पण ज्यांना घ्यावयाचाच आहे, त्यांनी दुकानात शिरण्यापूर्वी स्वतःस एकच प्रश्न विचारावा : वीस वर्षांनी हाच रुग्ण आला, तर आजची नोंद त्याच्या उपयोगी पडेल काय?