झील ओढणाऱ्या तिघी

पोर्तो रिकोच्या ‘काये त्रेसे’ या हिपहॉप गटाचा २०१० सालचा अल्बम आहे, ‘एन्त्रेन लोस के किएरान’. म्हणजे, ज्यांना यायचंय त्यांनी या. आपले पुरोगामी मित्र तो फार कौतुकाने ऐकवतात. बाई आत आली तर तिला उभं कुठे करतात, एवढंच मला विचारायचं आहे.

कौतुक खोटं नाही. २०११ मध्ये या गटाने एका रात्रीत लॅटिन ग्रॅमीची नऊ पारितोषिकं घेतली. त्यातलं ‘लातिनोआमेरिका’ हे गाणं म्हणजे लुटल्या गेलेल्या खंडाची कैफियत. पण वाटणी बघा. इतिहास, घाम, संताप हे सगळं ‘मी’ म्हणून बोलतो तो रेने पेरेस. ऊन-वारा-पाऊस विकत मिळत नाही, हे ध्रुपद मात्र कोलंबियाची तोतो ला मोंपोसिना, पेरूची सुसाना बाका आणि ब्राझीलची मारिया रिता या तिघींकडे. पुरुष इतिहास, बाई माती! बाका तर त्याच वर्षी पेरूची सांस्कृतिक मंत्री झाली होती.

मित्र म्हणतात, ध्रुपदच तर गाण्याचा प्राण, हा सन्मान आहे. असेल. देव्हाऱ्यातला सन्मान आपण बायका चांगल्या ओळखतो.

याच अल्बममध्ये ‘गरिबांचा नाच’ आहे. पोरगा गरीब, पोरगी श्रीमंत, आणि वर्गाची दरी नाचता नाचता तिच्या देहापाशी मिटते. भांडण मालकाशी, मग हिशेब पोरीच्या अंगावर का?

गटातली नावंही बोलकी आहेत. वस्तीच्या फाटकावरचा पहारेकरी ‘रहिवासी की पाहुणा?’ विचारायचा, त्यावरून रेने झाला ‘रेसिदेन्ते’ आणि त्याचा सावत्र भाऊ एदुआर्दो ‘विसितान्ते’. सोळाव्या वर्षी गटात आलेल्या बहिणीला, इलेआनाला, नाव मिळालं ‘पीजी-१३’. सिनेमावर मारतात तो पालकांच्या देखरेखीचा शिक्का! वर्षानुवर्षं तिच्या वाट्याला मुख्यतः मागचे आवाज आले.

ती ‘इले’ या नावाने स्वतंत्र गायली २०१६ मध्ये. त्या अल्बममध्ये तिने आपल्या आजीने रचलेली गाणी घेतली. ती तोवर कुणालाच कशी आठवली नव्हती, कोण जाणे. २०१७ मध्ये त्या अल्बमला ग्रॅमी मिळालं. २०१९ मध्ये तिने ‘तेमेस’ या गाण्यात बायकांवरच्या हिंसेला थेट तोंड फोडलं.

त्याच जुलैत गव्हर्नर रोसेय्यो आणि त्याच्या साथीदारांचे खाजगी संदेश फुटले. बायकांबद्दल त्यात गलिच्छ भाषा होती. लोक रस्त्यावर आले. इले तेव्हा रेनेच्या बरोबरीने निषेधाच्या गाण्यात गायली, आणि रोसेय्योला पायउतार व्हावं लागलं. पण हिंसाचाराविरुद्ध आणीबाणी जाहीर करा म्हणून तिथल्या स्त्रीवादी २०१८ मध्येच गव्हर्नरच्या दारात बसल्या होत्या. ती जाहीर व्हायला जानेवारी २०२१ उजाडलं. त्या बसलेल्या बायकांवर रेसिदेन्तेचा अल्बम नाही.

तेव्हा मित्रहो, पुढच्या शिबिरात ‘लातिनोआमेरिका’ जरूर वाजवा. त्याच्या आधी ‘तेमेस’ वाजवा, आणि चर्चा सुरू करायला माइक आमच्या हातात द्या.