मालकी वाटा, कारभार वाटू नका
सदर : पेढी आणि पिढी

भोरच्या चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ मध्ये बृहन महाराष्ट्र शुगर सिंडिकेट काढली आणि माळशिरस तालुक्यातलं श्रीपूर साखरेमुळे नावारूपाला आलं. १९५६ मध्ये आगाशे वारले, तेव्हा थोरले चिरंजीव पंडितराव वीस वर्षांचे होते आणि धाकटे ज्ञानेश्वर चौदा. मधली वर्षं कारभार इतरांनी पाहिला. पंडितराव व्यवस्थापकीय संचालक झाले ते १९७० मध्ये. तोवर १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने खासगी कारखान्यांचे उसाचे मळे गेले होते. वारस मोठे होईपर्यंत काळ थांबत नाही.

आगाशे जन्मले त्याच वर्षी, १८८८ मध्ये, दक्षिण चीनमध्ये ली कुम की ही कालवांच्या सॉसची पेढी सुरू झाली. चिनी घरांत जुनी रीत अशी की बापाची मालमत्ता मुलांमध्ये सारखी वाटायची. जमिनीला ती न्याय्य वाटते, पण धंद्याचे तुकडे पडतात. संपत्ती तिसऱ्या पिढीपुढे टिकत नाही, ही म्हण तिथे घरोघरी माहीत आहे. ली घराण्यातही दोनदा फूट पडली. आधी चुलत्यांशी, मग सख्ख्या भावाशी. त्यातून शहाणे होऊन त्यांनी कुटुंबाची परिषद नेमली आणि नियम लिहून काढले. पुढच्या पिढीने आधी काही वर्षं बाहेर नोकरी करायची, मगच घरच्या धंद्यात यायचं.

आपल्याकडे ऊस वाहतुकीचे ट्रॅक्टर, वर्कशॉप, खताची दुकानं चालवणारी कितीतरी घरं आहेत. वडिलांच्या हयातीत वाटणीचा विषय काढणं तिथे अशुभ मानतात. मग तेरावं उरकलं की तो निघतो, तोही वकिलामार्फत. १९९४ पासून महाराष्ट्रात हिंदू घरांतल्या मुलीलाही वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क आहे. तरी हिशेबाच्या वहीत मुरलेली लेक बैठकीत नसते. हा अन्याय आहे आणि धंद्याचं नुकसानही.

मालकीचे हिस्से सगळ्या लेकरांना सारखे द्या. कारभार मात्र जो किंवा जी लायक असेल, त्या एकाच्याच हाती ठेवा. घरात तसं कुणी नसेल तर पगारी माणूस नेमा आणि त्याला अधिकार द्या. पगार किती, नफा कसा वाटायचा, कुणाला बाहेर पडायचं असेल तर हिश्श्याची किंमत कशी ठरवायची, हे कागदावर आणा. कर्ता माणूस धडधाकट असताना त्याचा शब्द सगळे मानतात, म्हणून हे काम त्यानेच करायचं, आणि या वर्षीच.